स्पीकर सरकवले, वायरी तपासल्या. तरी खोली घुमतेच. मदत हवी आहे

मंडळी, नवीन काही न घेता जुन्या स्टिरिओतून जमेल तेवढं काढायचं ठरवलंय. दोन बुकशेल्फ स्पीकर, एक अॅम्प्लिफायर, एक टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र), एवढाच संसार. भिंतीला चिकटलेले स्पीकर अर्धा मीटर पुढे ओढले, किंचित खुर्चीकडे वळवले. एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट निघाल्या (किती वर्षं तसंच ऐकत होतो देव जाणे!). त्या सरळ केल्यावर गायकाचा आवाज मधोमध येऊन बसला.

पण खर्जातले मोजके सूर अजून घुमतात, बाकीचे स्वच्छ. खोली 3.4 मीटर लांब आहे, म्हणजे हिशेबाने पहिला अनुनाद (ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो) 50 हर्ट्झच्या आसपास. माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली. ती पुढे घेऊन भागेल, की कोपऱ्यांत जाड रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर) लावावंच लागेल? पातळ फोम लावून पाहिला, खर्जाला काडीचा फरक नाही.

शिवाय टर्नटेबल लावलं की बारीक गुणगुण येते. अर्थची वायर अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट आहे, तरी टोनआर्मला (सुई धरणाऱ्या दांडीला) बोट लावलं की गुणगुण कमी होते. दोष कुठे शोधू?

महागड्या केबलचा सल्ला तेवढा नको.