ड्रुइड आपलेच म्हणे! मग लिहून कोणी ठेवलं?

खडूस
कालच्या ‘आयर्लंडचे ड्रुइड म्हणजे आपलेच वैदिक’ या लेखाला प्रतिसाद लिहायला घेतला, तो इतका लांबला की वेगळा धागा काढतोय. लेखकाचं म्हणणं असं: ड्रुइड (आयर्लंड ख्रिस्ती होण्याआधीचे तिथले पुरोहित) विद्या मुखोद्गत ठेवायचे, गाईला धन मानायचे, न्यायासाठी दारात उपाशी बसायचे, सबब ते आपलेच. आणि पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मप्रचारक सेंट पॅट्रिकने येऊन हे सगळं पुसून टाकलं. खाली वाहवांचा पाऊस.

अहो, पुसून टाकलं तर तुम्हाला कळलं कुठून? ड्रुइडांच्या हातची एक ओळ शिल्लक नाही. ओघम या जुन्या आयरिश लिपीतल्या शिलालेखांत ‘अमक्याचा मुलगा तमका’ यापलीकडे फारसं काही नाही. बाकी कथा, कायदे, वंशावळी, जे काय आपल्या हाती आहे ते मठांच्या शाळेत शिकलेल्या ख्रिस्ती लोकांनीच उतरवलं. बाराव्या शतकातल्या लेन्स्टरच्या हस्तलिखितात ‘तॉइन’ या आयरिश वीरकाव्याचा शेवट बघा. आधी आयरिशमध्ये, जो हे जसंच्या तसं पाठ करेल त्याला आशीर्वाद. लगेच खाली लॅटिनमध्ये, मी हे उतरवलं खरं, पण माझा यावर विश्वास नाही. यातलं काही सैतानाची फसवणूक, काही कवींच्या कल्पना, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. तुमचा साक्षीदार हा असा आहे.

गोदाकाठ
नाक मुरडलं, पण लिहिलं ना? ब्रिजिट घ्या. इ.स. ९०० च्या आसपासचा कॉर्मकचा कोश तिला कवींची देवी म्हणतो, आणि आयर्लंडमधल्या किल्डेअरची ख्रिस्ती संतही ब्रिजिटच. बाराव्या शतकात वेल्सचा जेरल्ड लिहितो की किल्डेअरला अखंड अग्नी आहे, १९ नन पाळीपाळीने तो राखतात, विसाव्या रात्री खुद्द ब्रिजिट. पुरुषांना आत मज्जाव. हे बायबलात कुठल्या पानावर आहे तेवढं सांगा. संस्कृत आणि आयरिश दोन्ही कोळून प्यालेला मायल्स डिलन हे साम्य मांडत राहिला. तोही व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठाचाच का?

खडूस
डिलन वाचलाय. तुम्ही आयरिश साहित्याचा अभ्यासक किम मॅकोन वाचा, १९९० चा. ज्यांना आपण अस्सल प्राचीन समजतो त्यातल्या कितीतरी गोष्टी बायबल समोर ठेवून रचल्यात, हे त्याने दाखवलंय. आणि पुरातत्त्वज्ञ मॅलरीने ‘तॉइन’मधल्या तलवारी आणि चांदी उत्खननाशी ताडून पाहिली. लोहयुगाशी जुळत नाही, मध्ययुगाशी जुळते.

लिफीकाठचा_पुणेकर
मी इथे आयर्लंडमध्येच राहतो, म्हणून माझेही दोन पैसे. किल्डेअरजवळ ब्रिजिटची विहीर आहे. शेजारच्या झाडाला चिंध्या, जपमाळा, लहान मुलाचा एक मोजा बांधलेला. माझी आई आली होती. कोणाला काही न विचारता तिने रुमालाची कड फाडली आणि गाठ मारून मोकळी झाली. तिला तुमचा मॅकोन ठाऊक नाही. विद्वानांचं काय घेऊन बसलात? १९४२ मध्ये डब्लिनच्या प्रगत अध्ययन संस्थेच्या ओ'राहिलींनी पॅट्रिक एक नव्हे, दोन होते असं मांडलं. त्यावर विनोदी लेखक फ्लॅन ओब्रायनने पेपरात लिहिलं, संस्थेने सिद्ध केलंय की पॅट्रिक दोन आणि देव एकही नाही!

खडूस
काकूंचा नवस पावो. पुरावा म्हणून चिंधी चालणार नाही.

वकीलकाका
उपासाचा मुद्दा सगळे विसरले. जुन्या आयरिश कायद्यात देणेकरी बडा असला तर जप्तीआधी त्याच्या दारात उपास करावा लागे. तो तारण न देता खुशाल जेवला तर दुप्पट देणं. आपल्याकडचं धरणं दुसरं काय आहे? आणि ही तुलना फॉरवर्डवाल्यांची नाही. हेन्री मेनने १८७५ मध्येच केली, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात लॉ मेंबर होता तो. पुढे त्याच खुर्चीवर डब्लिनचा व्हिटली स्टोक्स आला. आमचे १८८२ चे ट्रस्ट आणि ईझमेंट कायदे त्याच्या हातचे, आणि जुन्या आयरिश टिपांचं त्याचं पुस्तक १८६६ मध्ये छापलं गेलं ते कलकत्त्यात! २०२४ मध्ये रद्द झालेल्या पीनल कोडच्या ५०८ खालचं पहिलंच उदाहरण दारात धरणं धरणाऱ्याचं होतं.

माझा एक अशील बिल्डरच्या ऑफिसबाहेर उपाशी बसला होता. बिल्डर त्याच्यासमोरून वडापाव आत मागवायचा. आयरिश कायदा असता तर दुप्पट वसूल केले असते.

बिब्बा
काका, ५०८ दैवी कोपाची भीती घालण्याबद्दल होतं, उपोषणाबद्दल नव्हे. वकील ना तुम्ही?

वकीलकाका
धरणं धरणारा वेगळं काय करतो? तुझा जन्म व्हायच्या आधीपासून कलमं वाचतोय.

गोदाकाठ
काकांनी मुद्द्याला हात घातला. आयरिश स्वातंत्र्यलढ्यातला, कॉर्क शहराचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी १९२० मध्ये लंडनला ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ७४ दिवस उपाशी राहून गेला. हजार वर्षांची परंपरा रक्तात असल्याशिवाय हे होत नाही.

खडूस
रक्तात?! १९०९ मध्ये लंडनच्या तुरुंगात मॅरियन वॉलेस डनलॉपने अन्न सोडलं, मताच्या हक्कासाठी. १९१२ मध्ये तेच लोण डब्लिनच्या माउंटजॉयमध्ये आलं, तेही बायकांनीच आणलं. १९१३ मध्ये कामगार पुढारी कॉनोली. मॅकस्विनी त्यानंतर. ब्रेहन कायद्याचं, म्हणजे त्या जुन्या आयरिश कायद्याचं, लेबल मागाहून चिकटलं. आयरिश कवी यीट्सचंच बघा. १९०३ मध्ये त्याचं नाटक आलं, राजाच्या दारात उपाशी बसलेल्या कवीचं. त्यात कवी जगतो. मॅकस्विनी गेल्यावर यीट्सने शेवट बदलला आणि कवीला मारलं. परंपरा ही अशी शिवली जाते.

गोदाकाठ
बायकांचं श्रेय दाबलं गेलं, हे मान्य. नाइलाजाने. पण १९०३ मध्ये यीट्सला राजाच्या दारातला उपास सुचला कुठून? तेव्हा ना डनलॉप होती, ना मॅकस्विनी. जुन्या कथांतूनच ना? त्या कथा तुमच्या त्या नाक मुरडणाऱ्यांनीच जपल्या.

खडूस
जपल्या, हेच तर मी पहिल्या प्रतिसादापासून बोंबलतोय! पॅट्रिकने पुसल्या म्हणणारे तुम्ही.

गोदाकाठ
मी नाही, तो लेखक. मला त्याच्यात ढकलू नका.

बिब्बा
काका, वडापाववाल्याचं पुढे काय झालं?

वकीलकाका
तारीख.