रोमन नाण्यावरचा राजा कोण? लवकर सांगा

कोलनवासी: शनिवारी मेव्हणा पुण्याला परत निघतोय, त्याला हे द्यायचंय. विकणारा नुसतं 'कॉन्स्टंटाईन' म्हणाला. शोधलं तर कॉन्स्टंटाईन अकराव्यापर्यंत निघाले! यातला कुठला? आणि वरचं हिरवं कशाने निघेल?

भटक्या: फोटो? वजन? मागे काय आहे? आम्ही काय ज्योतिषी आहोत?

कोलनवासी: फोटो चढत नाहीये. आपल्या रुपयाहून लहान, किचनच्या काट्यावर २ ग्रॅम. हेल्मेटवाला राजा, मागे कुत्री आणि दोन पिल्लं. खाली 'टीआरपी'. हसू नका.

मावशी७१: चिंच-मीठ लाव. आमचा तांब्याचा बंब दर दिवाळीला असाच लखलखतो.

टांकसाळ्या: मावशी, नको हो! त्या हिरव्या थराबरोबर अक्षरंही जातील.
कोलनवासी, ती कुत्री नाही, लांडगीण. पिल्लं म्हणजे रोम्युलस आणि रेमस, दंतकथेतले रोम वसवणारे जुळे भाऊ, दूध पिताहेत. वर दोन चांदण्या आहेत का? आणि तुझा राजा बाई आहे! रोमा, रोम शहराची देवता. कडेने 'उर्ब्स रोमा' असेल, यू च्या जागी व्ही. कॉन्स्टंटाईन पहिला, त्याने ३३० साली कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला राजधानी नेली, तेव्हापासूनची ही नाणी. नव्या शहराचं जोडनाणंही आहे, त्यावर जहाजाच्या पुढच्या टोकावर उभी पंखवाली विजयदेवता. मला तर ही जुन्या रोमची समजूत काढणं वाटतं. टीआर म्हणजे जर्मनीतल्याच ट्रियरची टांकसाळ, तुझ्यापासून गाडीने दोन तास.

भटक्या: आणि पी म्हणजे पेकुनिया, पैसा.

टांकसाळ्या: मग टीआरएस लिहिलेली नाणी कशी? पी प्रिमा, एस सेकुंडा. टांकसाळीतले पहिला-दुसरा विभाग.

सदाशिवपेठी: माझ्याकडे शिवराई आहे. किती येतील?

भटक्या: वेगळा धागा काढा.

कोलनवासी: चांदण्या आहेत. म्हणजे राजा नाहीच? मेव्हण्याला 'सम्राट देतो' म्हणून बसलोय! हिरवं कडक आहे, पण कडेला नख लावलं तर पोपटी पूड निघाली.

टांकसाळ्या: हे आधी सांगायचं! तो क्लोराईडचा रोग, धातू आतून खातो. डिस्टिल्ड पाण्यात ठेवून, पाणी बदलत राहायला आठवडे लागतात. शनिवारपर्यंत नाही होणार. तोवर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डबीत ठेव. सम्राटच हवा तर त्याच काळातलं दोन शिपाई आणि मध्ये निशाणं असलेलं नाणं घे, छाप्यावर कॉन्स्टंटाईन किंवा त्याची मुलं असतात. स्वस्तात मिळतं.

मावशी७१: त्या पुड्या बुटांच्या खोक्यात मिळतात. आणि चिंच नाही तर लिंबू?

टांकसाळ्या: मावशी!!