रॉजर विल्यम्स काही महिनेच टिकला, मग तो 'संस्थापक' कसा?

तिरफळ

लेकीच्या कॉलेजच्या निमित्ताने मध्यंतरी अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला पंधरा दिवस मुक्काम होता. ती सकाळी लायब्ररीत गेली की मी टेकडी उतरून खाली भटकायचे. उतारावरच एक पांढरं लाकडी चर्च आहे. मनोरा १८५ फूट. आत शिरलं की मधोमध भलंमोठं काचेचं झुंबर, १७९२ साली कुणीतरी वडिलांच्या आठवणीसाठी दिलेलं. दोन्ही बाजूंना जाडजूड खांब. मी सवयीने खांबाला हात लावला. आपल्या देवळातल्या दगडी खांबासारखा गार लागेल असं वाटलं होतं, पण तो लाकडाचा. १७७४-७५ मध्ये हे बांधलं तेव्हा इंग्रजांनी बॉस्टन बंदर बंद केलेलं, त्यामुळे जहाजं बांधणारे सुतार रिकामे बसले होते. त्यांनी मनोऱ्याचे भाग एकात एक बसवून साडेतीन दिवसांत वर चढवला म्हणे.

ही अमेरिकेतली पहिली बॅप्टिस्ट मंडळी (मंडळी म्हणजे एका चर्चचा ख्रिस्ती समाज). स्थापना १६३८, संस्थापक रॉजर विल्यम्स. तिथे ज्याला विचाराल तो हेच सांगतो. घरी येऊन वाचत बसले आणि चक्रावले.

थोडक्यात गोष्ट अशी. विल्यम्स लंडनचा, केंब्रिजला शिकलेला पाद्री. १६३१ मध्ये बॉस्टनला उतरला. तिथल्या प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट) लोकांनी मानाने चर्चची जागा देऊ केली, ती नाकारली. का, तर तुम्ही इंग्लंडच्या चर्चशी पुरतं नातं तोडलेलं नाही. मग सालेम, प्लिमथ, पुन्हा सालेम. सरकारने लोकांच्या श्रद्धेत नाक खुपसू नये, इथल्या मूळ लोकांच्या जमिनीवर राजाने सनद दिली म्हणून ती आपली होत नाही, असं बोलत सुटला. १६३५ मध्ये हद्दपारीचा हुकूम निघाला. भर हिवाळ्यात बर्फातून पळाला, वाम्पानोआग या मूळ रहिवाशांनी आसरा दिला, आणि १६३६ मध्ये नॅरॅगन्सेट या दुसऱ्या जमातीच्या प्रमुखांकडून जागा मिळवून त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं.

पुढे बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्याने द्यायच्या ख्रिस्ती दीक्षेचा, प्रश्न आला. बॅप्टिस्टांचं म्हणणं साधं: तान्ह्या बाळाला काय कळतं? ज्याचा विश्वास त्यानेच, स्वतःच्या तोंडाने कबूल करून, बाप्तिस्मा घ्यावा. म्हणून एझिकिएल हॉलिमन नावाच्या गृहस्थाने विल्यम्सला बाप्तिस्मा दिला, मग विल्यम्सने हॉलिमनला आणि आणखी दहाएक जणांना. झाली मंडळी. आणि काही महिन्यांतच हा बाबा बाहेर! म्हणे, प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा मध्येच तुटली आहे, तेव्हा नवे प्रेषित येईपर्यंत बाप्तिस्मा द्यायचा अधिकार कुणालाच नाही. मलाही नाही. त्यानंतर १६८३ मध्ये मरेपर्यंत तो कुठल्याच मंडळीत गेला नाही.

आता मला सांगा, भिशी सुरू करून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अंग काढून घेणाऱ्या बाईला आमच्या सोसायटीत काय म्हणतात ते मी इथे लिहू शकत नाही. मग याला संस्थापक का म्हणायचं? मंडळी सांभाळली मागे राहिलेल्यांनी: चॅड ब्राऊनने, त्याच्यानंतरच्या पाळकांनी. साठ वर्षं त्यांना धड इमारत नव्हती. १७०० साली पार्डन टिलिंगहास्ट नावाच्या पाळकाने पदरच्या पैशाने पहिलं सभागृह बांधलं. त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे? मला तर वाटतं, विल्यम्स प्रसिद्ध, म्हणून त्याची पाटी.

हळदीकुंकू

भिशी!! सहमत. आमच्याकडेही एक 'संस्थापिका' आहेत.

वकीलसाहेब

तीव्र असहमत. ताई, तुम्ही संस्थापक आणि व्यवस्थापक यांत गल्लत करताय.

टिलिंगहास्टला आपल्या पैशाने सभागृह बांधता आलं, कारण ते बांधल्याबद्दल त्याला कुणी पकडणार नव्हतं. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये काय चाललं होतं बघा. १६५१ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्याच न्यूपोर्टचे तीन बॅप्टिस्ट तिथल्या लिन गावी एका वृद्ध सोबत्याच्या घरी भेटायला गेले, घरातच उपासना केली, आणि पकडले गेले. त्यांतल्या ओबडाया होम्सने दंड भरायला नकार दिला म्हणून त्याला बॉस्टनमध्ये भर रस्त्यात तीस फटके मारले. प्रॉव्हिडन्सच्या लोकांनी मात्र सुरुवातीलाच करार केला होता की गावाचा निर्णय 'फक्त नागरी बाबतीत' पाळायचा. या तीन-चार शब्दांवर ती मंडळी उभी आहे, आणि त्यांच्यामागचं डोकं विल्यम्सचं आहे.

चर्चची बाग आणि जगाचं रान यांच्यामध्ये भिंत हवी, हे त्याने १६४४ मध्ये छापलं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसनचं, धर्म आणि सरकार यांच्यामधल्या 'भिंती'वालं प्रसिद्ध पत्र १८०२ चं, आणि तेही कनेक्टिकटमधल्या बॅप्टिस्टांनाच लिहिलेलं. बाय द वे, विल्यम्सच्या हद्दपारीचा हुकूम मॅसॅच्युसेट्सने १९३६ मध्ये रद्द केला. तीनशे वर्षांत तारीख लागली. आपल्या कोर्टांना उगाच नावं ठेवतात.

सदाफुली

वकीलसाहेबांच्या 'फक्त नागरी बाबतीत'ला एक जोड देते, कारण ते कागदावरचं नव्हतं.

जोशुआ व्हेरिन हा विल्यम्सचा शेजारी. विल्यम्सच्या घरी उपासना व्हायची, व्हेरिनची बायको जेन तिथे जायची. नवऱ्याला ते खपेना. त्याने तिला मारहाण करून अडवलं. १६३८ च्या मे महिन्यात गावसभेत प्रकरण आलं. विल्यम आर्नोल्ड म्हणाला, मी सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याला मान दिली, पण बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं हा देवाचा नियम आहे, तो मोडायला नव्हे. त्यावर ग्रीन नावाच्या माणसाने सुनावलं की असं बायकांना अडवायला लागलात तर मुलखातल्या सगळ्या बायका बोंब ठोकतील. शेवटी गावाने व्हेरिनचा मताधिकार काढून घेतला. बायकोच्या श्रद्धेत आडवा आला म्हणून नवऱ्याचं मत गेलं. १६३८!

(गोष्ट गोड नाही, आधीच सांगते. व्हेरिन बायकोला घेऊन सालेमला परत गेला. जेनला काय हवं होतं ते तिच्या शब्दांत कुठेच मिळत नाही.)

पण तिरफळताई, मुद्दा हा की बाप्तिस्मा व्हायच्या आधीपासून लोक त्याच्याच घरात जमत होते. मंडळी आधी झाली, पाणी नंतर आलं. तुम्ही महिने पाण्यापासून मोजताय.

जुना बाजार

मुळात 'पहिली' हेच वादग्रस्त आहे आणि इथे सगळे ते गृहीत धरून भांडताहेत. न्यूपोर्टला डॉ. जॉन क्लार्कने काढलेली मंडळी आहे. तिचे लोक १६३८ सांगतात, इतर सहसा १६४४ धरतात. एकोणिसाव्या शतकात या दोन चर्चमध्ये यावरून चांगली जुंपली होती. प्रॉव्हिडन्सवाल्यांच्या मनोऱ्यातल्या पहिल्या घंटेवर तर 'हेच चर्च सर्वांत थोरलं' अशी कविताच कोरलेली होती. ती घंटा पुढे तडकली, हा योगायोग समजा.

क्लार्कने मंडळी सोडली नाही. १६७६ मध्ये मरेपर्यंत तिचा पाळक. आणि १६६३ ची दुसऱ्या चार्ल्सची सनद, जिच्यात धर्माच्या मतभेदावरून कुणाला त्रास द्यायचा नाही असं राजाच्या सहीने आलं, ती मिळवली क्लार्कनेच. तिरफळताईंच्या मापाने संस्थापक हवा असेल तर हा घ्या.

वकीलसाहेब

@जुना बाजार: क्लार्क वसाहतीच्या कामासाठी १६५१ ला इंग्लंडला गेला तो तीच सनद मिळवून १६६४ ला परतला. बारा वर्षं पाळक लंडनमध्ये आणि मंडळी न्यूपोर्टात. ताईंच्या भिशीत हे चालतं का?

जुना बाजार

रजेवर होता. राजीनामा दिला नव्हता.

नगरी नाणं

मी नगरचा ख्रिस्ती, पण बॅप्टिस्ट नाही. आमच्या घरी चार पिढ्या तान्हेपणी बाप्तिस्मा. त्यामुळे हा धागा वाचताना जरा गंमत वाटली, कारण आमची मंडळी विल्यम्सला हाकलणाऱ्यांच्या वंशातली आहे! नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या त्याच प्युरिटनांची पुढची शाखा.

यात एक खरा दुवा आहे. १८१२ च्या फेब्रुवारीत सालेममध्ये (जिथे विल्यम्स पाद्री होता तेच) पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली आणि हिंदुस्थानला धाडलं. त्यांतला अडोनिराम जडसन जहाजात बसल्या बसल्या विचार करू लागला की कलकत्त्याजवळ बॅप्टिस्ट विल्यम कॅरीची गाठ पडणार, बाळांच्या बाप्तिस्म्यावर वाद झाला तर काय उत्तर द्यायचं? उत्तर शोधता शोधता स्वतःच पलटला. कलकत्त्यात बायकोसकट पुन्हा बाप्तिस्मा घेतला. ल्यूथर राइसही तसाच. जडसन ब्रह्मदेशात गेला. उरलेल्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला उतरले, आणि तिथून आमची गोष्ट सुरू होते. आणि हा जडसन शिकला कुठे? प्रॉव्हिडन्सलाच, ब्राऊन विद्यापीठात, ज्याचे पदवीदान समारंभ व्हावेत म्हणूनही ताईंनी पाहिलेलं ते चर्च बांधलं होतं. (कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, कोश १८१० चा. आपली भाषा त्या वादात कडेने का होईना, होती.)

आता मुद्दा. विल्यम्स 'सोडून गेला' असं बाहेरच्याला दिसतं. आतल्या माणसाला दिसतो तो प्रश्न: मला पाण्यात उतरवणाऱ्याला अधिकार कुणी दिला? हॉलिमनने त्याला बाप्तिस्मा दिला, पण हॉलिमनला तोपर्यंत कुणी दिला होता? ज्याला हा प्रश्न रात्री झोपू देत नाही त्याला भिशी बुडवणाऱ्या बाईच्या पंक्तीला बसवू नका. आमच्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा. मिशनमधल्या कित्येकांना ते रुचलं नव्हतं. पण म्हणून टिळक ख्रिस्ती मंडळीतून 'पळाले' असं आमच्यात कुणी म्हणत नाही. त्यांची गाणी आम्ही दर रविवारी गातो.

विल्यम्सने १६४९ मध्ये एका पत्रात लिहिलंय की बॅप्टिस्टांची रीत इतरांपेक्षा 'आपल्या थोर संस्थापक ख्रिस्ता'च्या मूळ रीतीच्या जवळ जाते, तरी तिच्या अधिकाराबद्दल माझं समाधान नाही. संस्थापक हा शब्द त्याने कुणासाठी वापरला ते बघा. त्याला विचारलं असतं तर पाटी त्याने स्वतःच उतरवली असती.

जिरेटोप

सगळे फार भारावलेत. १६७५-७६ च्या वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्या लढाईत ज्या नॅरॅगन्सेट लोकांनी प्रॉव्हिडन्सला जागा दिली त्यांची वाताहत झाली. चिडून त्यांनी गाव जाळलं, विल्यम्सचं घरही जळालं. मग पकडलेल्या मूळ रहिवाशांना ठरावीक वर्षांच्या वेठीला विकायची जी समिती नेमली, तिच्यात विल्यम्स होता. ज्यांची भाषा शिकून १६४३ मध्ये पुस्तक छापलं, त्यांचीच माणसं.

आणि ताईंच्या चॅड ब्राऊनच्या वंशातले ब्राऊन बंधू. त्यांतल्या जोसेफने ते सुंदर चर्च आखलं. चौघा भावांचं 'सॅली' जहाज १७६४ मध्ये आफ्रिकेला गुलाम आणायला गेलं. १९६ माणसं घेतली, त्यांतली किमान १०९ मेली. भावांपैकी मोझेस पुढे क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) होऊन गुलामगिरीविरुद्ध उभा राहिला, हेही सांगायला हवं. पण झुंबर बघताना पैसा कुठला, हे कुणीतरी विचारा.

सदाफुली

जिरेटोप, माहिती बरोबर आहे आणि बोचते. पण याने 'संस्थापक कोण' हे ठरत नाही. वाईट काम केलेला माणूसही संस्थापक असू शकतो.

तिरफळ

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतील.

वकीलसाहेब, गावाचा संस्थापक तो, यावर माझा वाद नव्हताच. गाव आणि मंडळी एकच धरलीत तर तुम्हीच ती बाग-रानातली भिंत पाडताय. सदाफुली, घरातल्या उपासनेचा मुद्दा मात्र मी पूर्ण हुकवला होता. महिने मोजण्यात माझी चूक झाली, मान्य. नगरी नाणं, भिशी मागे घेते. टिळकांची तुलना मात्र पुरती जमत नाही: टिळकांनी बाहेर पडून नवं काहीतरी काढलं, विल्यम्सने काहीच काढलं नाही, आपल्यापुरता वाट बघत बसला. बरं, गप्प बसला म्हणावं तर तसंही नाही. सत्तरीला टेकलेला असताना १६७२ मध्ये होडी वल्हवत न्यूपोर्टला गेला, तीन-चार दिवस क्वेकरांशी कडाकडा भांडला. पण त्यांचा छळ करा असं कधी म्हणाला नाही, हे मला आवडलं.

जिरेटोप, ब्राऊन बंधूंबद्दल तिथल्या विद्यापीठाने स्वतःच चौकशी करून छापलंय, लेकीने दाखवलं. चॅड ब्राऊनचा आग्रह मी सोडत नाही. वंशजांचं पाप खापरपणज्याच्या खात्यावर का?

आणि एक राहिलंच. १८६० मध्ये विल्यम्सची कबर उघडली. आत हाडं जवळपास नव्हतीच. सफरचंदाच्या झाडाचं एक मूळ तेवढं होतं, पाठीच्या कण्यासारखं खाली जाऊन दोन पायांसारखं फाटलेलं. झाडाने त्याला खाल्लं, असं लोक म्हणायला लागले. ते मूळ तिथल्या इतिहास-संस्थेने जपून ठेवलंय.

हळदीकुंकू

म्हणजे अक्षरशः मूळपुरुष. 😀

जुना बाजार

न्यूपोर्टकडे असलं मूळ नाही, हे मान्य करतो. बाकी १६३८ वर मी ठाम.