सहा पावसाळे उभी असलेली एमएम ५४०: आधी पत्रा की आधी इंजिन?

राजापूरकर (प्रश्न):
आमच्या घरी १९८८ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे. ती वडिलांच्या नावावर असून त्यांच्या निधनानंतर, म्हणजे गेले सहा पावसाळे, मागच्या पडवीत उभी आहे. इंजिन मूळचेच, २११२ सीसीचे प्यूजो डिझेल आहे. मात्र ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा हात जाईल एवढा गंजला आहे आणि ब्रेकचे पेडल दाबले की थेट तळाला जाते. एका कारागिराने आधी डेंटिंग-पेंटिंग उरकून घेण्यास सुचवले, तर दुसऱ्याने जुने इंजिन काढून अलीकडच्या गाडीचे बसवावे असे सांगितले. मला शनिवार-रविवारी घरीच काम करायचे आहे. पाने चालवण्याची सवय आहे, वेल्डिंग येत नाही. सुरुवात कोठून करावी?

घाटवाट:
रंग सर्वांत शेवटी. चेसिस (गाडीचा खालचा पोलादी सांगाडा) न तपासता केलेले डेंटिंग-पेंटिंग म्हणजे लांबी (पुट्टी) भरून गंज झाकणे होय, आणि कोकणच्या हवेत तो गंज दोन पावसाळ्यांत पुन्हा वर येतो. प्रथम चेसिसवरचा चिखल तारेच्या ब्रशने काढावा आणि छोट्या हातोडीने वीतभर अंतरावर ठोकत जावे. चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या ठिकाणी तो बद्द येतो. पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर आणि जेथे पत्र्यावर पत्रा जोडलेला आहे त्या जागा विशेष पाहाव्यात, कारण दोन पत्र्यांमध्ये ओल साठून राहते. माझ्या मते टब (चेसिसवर बसवलेली पत्र्याची बॉडी) पूर्ण उतरवल्याशिवाय हे काम नीट होत नाही.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे व्हील सिलिंडर उघडून आतून पाहावेत, खड्डे पडले असतील तर केवळ रबर कप न बदलता सिलिंडरच नवे घ्यावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे उभ्या गाडीचे सिलिंडर आतूनच गंजतात. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रमवर हवेचा झोत न मारता ती धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

आणखी एक, आपण राजापूरचे आहात म्हणून मुद्दाम सांगतो: गाडी उचलल्यावर जांभ्याच्या चिऱ्यावर टेकवू नये. चिरा भिंतीत भार सोसतो, पण ॲक्सलचे वजन एका टोकावर आले की फुटू शकतो. लोखंडी स्टँडच घ्यावेत.

पाना_पक्कड:
चेसिस आणि ब्रेकविषयी वरील मताशी सहमत आहे, टब उतरवण्याविषयी मात्र नाही. शनिवार-रविवारी काम करणाऱ्याने गाडी पूर्ण सुटी केली की बोल्ट डब्यांत हरवतात, उत्साह ओसरतो आणि जीप पुढची दहा वर्षे ढिगाऱ्याच्या रूपात राहते. टब जागेवर ठेवून, फ्लोअर कापून, खालची चेसिस तेवढ्यातून साफ करणे शक्य आहे.

इंजिन बदलण्याचा विचार सोडून द्यावा. हे प्यूजो इंजिन साधे आहे. थेट स्टार्टर मारू नये. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडावे, रात्रभर ठेवावे आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून पाहावे. अडले तर जोर न लावता आणखी दोन दिवस थांबावे. टाकी उतरवून जुने डिझेल, पाणी आणि गाळ काढावा, फिल्टर बदलावेत, हाताच्या पंपाने डिझेलच्या नळ्यांतील हवा काढावी आणि हीटर प्लग एकेक करून तपासावेत. टाकी झिरपत असेल तर घरी वेल्डिंगचा विचारही करू नये.

एक इशारा. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या डिझेल पंपाचे आतील भाग कधी कधी अडकतात, आणि इंजिन सुरू होताच वेग वाढतच जातो. चावी बंद करूनही ते थांबेल याची खात्री नसते. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनरची नळी काढून ठेवावी आणि हवेचे तोंड झाकता येईल अशी जाड फळी घेऊन एक माणूस उभा करावा. तळहाताने झाकू नये.

कागदी_घोडा:
पाना हातात घेण्यापूर्वी कागद पाहावेत. मालक हयात नसल्याने वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना ३१ आणि १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणासाठी नमुना २५ लागेल. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार दुसरे इंजिन बसवण्यास नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, त्यामुळे मूळ इंजिन ठेवणे कागदोपत्रीही सोयीचे. २०२१ च्या नियमांतील ‘व्हीए’ मालिकेचा, म्हणजे व्हिंटेज गाड्यांचा, क्रमांक आपल्याला मिळणार नाही, कारण त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी असावी लागते.

राजापूरकर:
सर्वांचे आभार. रविवारी हातोडी फिरवली. चेसिस पुढून चांगली आहे. मागच्या डाव्या पाट्याच्या हँगरपाशी आवाज बद्द येतो. टब उतरवणार नाही, हँगरचे वेल्डिंग कारागिराकडून करून घेईन. इंजिन पान्याने सहज फिरले. मात्र फोर-व्हीलचा दांडा हलत नाही; ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) उघडावी का?

पाना_पक्कड:
एवढ्यात नको. दांड्याच्या सांध्यावर गंज काढणारे तेल सोडून रोज थोडे हलवत राहावे. दांडा फोर-व्हीलमध्येच अडकला असेल तर पुढची चाके स्टँडवर उचलून मोकळी करावीत. प्रोपेलर शाफ्टमध्ये (ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या दांड्यांमध्ये) अडकलेला ताण सुटला की फोर-व्हीलचा दांडा बहुधा आपोआप येतो. या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या दरम्यान, दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल नाही, म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळले की असाच ताण भरतो. पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असले तरी तेच होते. आपले टायर एकदा मोजून येथे लिहावेत.