मदत हवी आहे: हिमोग्लोबिन जास्त आलंय, रक्तदान हा उपाय आहे का?

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या भावाचं (वय ४६) हिमोग्लोबिन १८.४ आलंय, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा वाटा) ५४ टक्के. फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) जास्त, ६२०. रिपोर्ट हातात पडल्यापासून घरात एकच सल्ला: "रक्तदान कर, रक्त पातळ होईल, वर पुण्यही पदरात पडेल." दादा तर बाह्या सरसावून तयारच आहे.

माझं घोडं इथे अडलंय. एका वेळच्या ४५० मिलि रक्तातून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर जातं, म्हणून हिमोक्रोमॅटोसिसमध्ये (शरीरात लोह साठत जाण्याचा आजार) रक्त काढणं हाच मुख्य उपचार असतो, हे कळलं. पण फेरिटिन फॅटी लिव्हरमुळे किंवा शरीरातल्या दाहामुळेही वाढतं ना? हिमोग्लोबिनचंही तेच, झोपेत श्वास अडल्याने किंवा सिगारेटींनीही ते वाढतं. दादा रात्री घोरता घोरता मध्येच गप्प होतो, आपण कान टवकारून बसायचं, मग एकदम दचकून श्वास घेतो. सिगारेटी वेगळ्याच. मूळ दुखणं तसंच ठेवून रक्त काढत राहिलो तर आकडे छान दिसतील आणि कारण झाकलं जाईल, ही भीती.

शिवाय रक्तपेढीत हे सगळं आधी सांगायलाच हवं ना? ते रक्त दुसऱ्या कुणाला तरी चढणार आहे. (दादाच्या मते मी उगाच फाटे फोडतेय.)

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळालीय. कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा: ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह खरंच जास्त आहे का ते पाहणारी), जॅक-२ (अस्थिमज्जा जास्त रक्तपेशी बनवतेय का ते पाहणारी जनुकीय चाचणी) या चाचण्या आधी करायला लावल्या होत्या का? आणि रक्त काढायचं ठरलं तेव्हा ते रक्तदान म्हणून घेतलं की उपचार म्हणून वेगळं?