मदत हवी आहे : चौथीतल्या मुलांना वाचता येत नाही, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत चार वर्गांना दोनच शिक्षक आहेत. दोघंही मनापासून शिकवतात, पण एकाच खोलीत दोन इयत्ता, वर ऑनलाइन माहिती भरायचं काम. महिनाभरापासून मी संध्याकाळी तासभर मुलांना घेऊन बसते. चौथीची अकरा मुलं आहेत. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणाच्या पद्धतीने अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं एकेकाला वाचायला दिलं. गोष्टीपर्यंत तिघंच पोचली. चार जण जोडाक्षर आलं की थांबतात. दोघांना काना-मात्राच उमगलेली नाही, आणि त्यातली एक मुलगी पुस्तकातला धडा तोंडपाठ म्हणून दाखवते, बोट मात्र भलत्याच ओळीवर! ते पाहून पोटात कालवलं.

देशाचं चित्रही असंच आहे. ‘असर’ २०२४ नुसार ग्रामीण भागातल्या तिसरीच्या जेमतेम २७ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो.

इयत्तेनुसार न बसवता पातळीनुसार गट करायची ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची पद्धत मला पटते. पण मी एकटी तीन गट कसे सांभाळू? जोडाक्षरांसाठी कोणते खेळ, कोणत्या चिठ्ठ्या वापरता? आणि मोठ्या मुलाला बाराखडीवर बसवताना त्याला कमीपणा वाटू नये म्हणून काय करता? प्रत्यक्ष शिकवलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर निघतील, त्यातली तीन मुलं माझ्याकडे आहेत.