प्रतिसाद: नुसता कडक साहेब पुरत नाही

'कडक साहेब आला की महामंडळ सुधारतं' हे वरचं म्हणणं मला अर्धंच पटतं. सोलापुरात गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका सरकारी कार्यशाळेत मी बरीच वर्षं काढली. एक साहेब हजेरीवहीत दहा वाजता लाल रेघ मारायचे. माणसं वेळेवर यायला लागली हे खरं, पण नऊ पन्नासला सही करून चहाच्या गाड्यावर! पुढचे साहेब सकाळी थेट पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचे, फिटरशी मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलायचे. गाड्या लवकर बाहेर पडू लागल्या. तरी क्लचप्लेट मागवायची तर फाईल वर जायचीच, आणि तिथे त्यांचंही काही चालत नसे. दीड वर्षात बदली, मग पुन्हा लाल रेघ.

कोकण रेल्वेचं उदाहरण घ्या. तिचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी उलटी मोजणी करणारी घड्याळं लावली, हे सगळे सांगतात. पण १९९० साली त्यासाठी वेगळं महामंडळ काढलं, रोख्यांतून पैसा उभा करायची मुभा दिली आणि १९९८ मध्ये पुरा झालेल्या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गाचं काम संपत येईपर्यंत श्रीधरन यांना हलवलं नाही, हे कोण सांगतो? आमच्या त्या साहेबांना निदान क्लचप्लेट घ्यायचा अधिकार तरी द्यायचा होता.